मशिनी बघायला गेलो होतो

काय बघितलंस, पोचम विचारतो,
मागांच्या खटखटाटावर आवाज चढवून.
मालकाबरोबर गेलेलो इस्तंबूलला, नऊ दिवस,
टॉवेलच्या मशिनी बघायला.

मशिनी आठवत नाहीत.

एक चढाची गल्ली आठवते.
तिसऱ्या मजल्यावरनं म्हातारीनं दोरीला बांधून टोपली सोडली,
पाववाल्यानं त्यात पाव ठेवला, सुटे पैसे मोजून घेतले,
आणि वर जाता जाता टोपली तारेत अडकली.
अख्खी गल्ली थांबली. मान वर करून जो तो सल्ले देतोय.
मला एक अक्षर कळत नव्हतं,
तरी ओरडलो, घरच्या तेलुगूत,
"वदुलु, अव्वा, वदुलु!"

तिनं दोरी ढिली सोडली.

आणखी?
मांजरं. दुकानादुकानात, उधारी मागायला बसल्यासारखी.
एका न्हाव्याच्या खांद्यावरचा टॉवेल चिमटीत धरून पाहिला,
आपला असेल म्हणून.
नव्हता. काठ निराळा, पीळही.
तो हसला, चहा पाजला. पैसे घेईना.

बरं, पण मशिनी, पोचम म्हणतो, मालक विचारतील.

सुट्टी झाल्यावर अशोक चौकातनं चालत येतो.
विडीची सुपं कमरेला लावून बायका परततायत,
मध्येच थांबून मी वर बघतो.
तारा. एक फाटका पतंग. कठड्यावर वाळणारी चादर.
दोरी कुठंच नाही.

"काय झालं वो वर?" एकजण विचारतो,
आणि माझ्या शेजारी उभा राहून
तोही बघायला लागतो.
मग आणखी दोघं.