दोन वाजून वीस मिनिटांची एसटी

वित्त आयोगाच्या पैशातून चार कॅमेरे आले.
एक शाळेवर, एक टाकीवर,
एक मारुतीच्या दानपेटीवर,
चौथा पारध्यांच्या बेड्याकडे तोंड करून.
चौथ्याबद्दल ग्रामसभेत कोणी विचारलं नाही.
मीही नाही. मी इतिवृत्त टाइप करत होते.

मॉनिटर माझ्या टेबलावर,
जन्मदाखल्यांच्या गठ्ठ्याला टेकलेला.
चार चौकोनांत गाव, करडं, मुकं.
चौथ्याच्या काचेवर कोळ्यानं घर केलं.
रात्री त्या लाल ठिपक्यांपाशी चिलटं येतात, त्याचं भागतं.
एक पांढरा दोर रात्रभर हलत राहतो
रस्त्यावरून, बाभळीवरून.

माघात गोवर्धन बोंड्याच्या विहिरीवरची केबल गेली.
साठ मीटर तांबं.
नाल्यात नुसता जळक्या प्लास्टिकचा वास.
"रातची लाइन होती, हरभऱ्याले पाणी चालू होतं.
दोनाच्या सुमारास मोटार गपकन बंद झाली.
मले वाटलं लाइन गेली. घेतलं पांघरूण न् झोपलो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही.
पोलीस पाटील, उपसरपंच, जमादार,
मागे चपलांसकट आत आलेली पोरं.
पुढे घे. मागे घे.
थांब थांब थांब.
०२:०५. एक माणूस. खांद्यावर थैली.
"जिरमल होय थो."
"मंग! अजून कोण राहीन?"
चेहऱ्यावर कोळ्याचा दोर आडवा होता.
चालण्यावरून ओळखला, म्हणे.

जिरमल पवारला आणलं.
पोरगी आश्रमशाळेत, तिला ताप,
पयल्या गाडीनं गेलो साहेब.
"दोन वाजता कोणती गाडी असते बे?"
सगळे हसले.
थैलीत काय होतं?
"भाकरी. न् तिचं स्वेटर."
जमादारानं ते लिहून घेतलं नाही.

संध्याकाळी एकटीच होते.
पेनड्राइव्हवर कॉपी चढत होती, पडदा आपोआप पुढे सरकत होता,
मी शेंगा सोलत होते.
०२:२०.
उजेडाची एक भिंत आली, थांबली,
दार उघडलं, थैलीवाला आत चढला.
मोर्शीची एसटी. पाच दहाची.
आमची एसटी उशिरा येईल, येणारच नाही,
पण तीन तास आधी?

बोटांवर मोजलं. शेंगा सांडल्या.
दिवाळीपासून लाइट जायची, यायची,
दर वेळी डब्यातलं घड्याळ जरा जरा मागे राहिलं.
दोन तास पन्नास मिनिटं.
आम्ही सगळे त्याला विचारत होतो कोण,
किती वाजले ते विचारलंच नव्हतं.

म्हणजे बोंड्याची मोटार थांबली
तेव्हा डब्यात होते सव्वाअकरा.
मी मागे गेले.
२२:५०. मोटारसायकल, दिवा बंद, दोघं.
२३:४०. तीच, परत.
मागचा वेटोळं मांडीवर घेऊन बसलेला,
लेकरू घ्यावं तसं.
मारुतीपाशी वळताना त्यानं मान वर केली,
नेमकी भिंगाकडे.
हसला की जांभई दिली, दोरामुळे कळत नाही.
भिंग कुठे आहे ते त्याला ठाऊक आहे.
कॅमेरा बसवताना शिडी त्यानंच धरली होती,
उपसरपंचाच्या घरून आणलेली,
स्वतःच्याच घरून.

पोलीस पाटलांना फोन लावला.
एसटीचं सांगितलं.
फक्त एसटीचं.
जिरमल रात्री सुटला. कोणी त्याला काही म्हणालं नाही,
म्हणजे चुकलं असंही नाही.
दोन दिवसांनी दाखला न्यायला आला,
मॉनिटरकडे पाठ करून उभा राहिला.
"पोरीचा ताप?"
"उतरला."

पंधरा दिवसांनी डबा स्वतःलाच पुसतो.
पुसला.
पेनड्राइव्ह माझ्या जेवणाच्या डब्यात आहे,
लोणच्याच्या पुडीखाली. रोज नेते, रोज आणते.
घड्याळ मी लावलं, मोबाइलशी जुळवून.
कोळी अजून तिथंच आहे.
चौथा कॅमेरा वळवायचा म्हटलं तर शिडी लागते,
आणि शिडी कोणाच्या घरी आहे
ते मी वर सांगितलं.