पायडलचा हंस

मे महिना. जालन्यातला मोतीतलाव
जुन्या काठापासून चाळीस पावलं आत सरकलेला.
पायडलबोटीचा हंस भेगाळल्या गाळात
मान ताठ करून बसलाय.

झोक्याला ही रांग,
घसरगुंडी तव्यासारखी,
म्हणून संबोधी थेट हंसात:
"पप्पा, चालवा ना!"

मी पायडल मारतो.
साखळी करकरते,
जमीन जागची हलत नाही.

तिकिटाचं पुडकं घेऊन मुनीरचाचा येतात.
मी खिसा चाचपतो.
"राहू दे. पाणी आलं की दे."

ती मासे मोजत असते. सात झाले.
आठवा बुडाला म्हणते.

मग पलीकडचा काठ येतो.
चपला हातात घेऊन ती उतरते,
फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर धरून.
"खोल आहे, हळू या."

मी रोलिंग मिलचे बूट
सोडायला वाकतो.