खायचा चहा

मे सोतच्या गल्लीत अकरा वर्षं
विचाईचं पंक्चरचं दुकान
आणि समोर न्यो म्याची गाडी.
नदीपलीकडचं खाणं, तो म्हणायचा,
आपल्याला नाही चालायचं.

आज भूक होती, खिशात दोनच नोटा.
"हे काय?"
"चहा."
"मग कपात दे की."
"खायचा असतो."

मुरवलेली पानं, तळलेला लसूण,
तीळ, शेंगदाणे, कोबी
तिनं बोटांनीच कालवलं
आणि पाठ फिरवून बशा विसळत राहिली,
कान मात्र इकडे.

तुरट. मग आंबट. मग
दातांखाली कुरकुर,
मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आला तो
स्वतःचं उंच स्टूल घेऊन.
तिची फार बुटकी,
त्याचा गुडघा वाकत नाही.