काठावरचं अक्षर

आठवतं तुला, फिफी?
क्वेसीच्या नावेवर मी अक्षरं रंगवत होतो,
पिवळी, काळ्या कडांची,
आणि शेवटचं अक्षर मावलंच नाही.
अर्धं लाकडावर, अर्धं हवेत.
एल्मिनाच्या किनाऱ्यावरची पोरं खिदळली,
मीही हसलो, आदल्या रात्रीच्या ताडीवर ढकललं.
फळी तिथं संपते, हे मला दिसलंच नव्हतं.

दुखलं नाही रे. काहीच दुखलं नाही.
ओहोटीला तरी वाळूचा आवाज असतो.

सिस्टर अड्वोआ म्हणाली, काचबिंदू.
म्हणाली, गेलं ते येणार नाही, मामा,
उरलंय ते राखायचं.
राखायला दोन बाटल्या दिल्या,
माझ्या अंगठ्याएवढ्या.

चाळीस वर्षं हलत्या नावेवर
सरळ रेघ ओढणारा हा हात
माझ्याच डोळ्याला बिचकला.
पहिला थेंब नाकावर,
दुसरा कानात,
तिसरा उशीला, आणि उशीला बिचारीला काही आजार नव्हता.

मग शिकलो.
आधी साबणानं हात, टर्पेंटाइनचा वास जाईपर्यंत.
मान मागे. खालची पापणी ओढून
छोटासा खिसा करायचा.
बाटलीचं टोक कशालाही टेकवायचं नाही,
ओल्या रंगावर ब्रश धरतो तसं, वरच्यावर.
एकच थेंब.
डोळा मिटायचा, आवळायचा नाही,
आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा.

तो कोपरा मी आधी दाबत नव्हतो.
आणि एक गोष्ट सिस्टरला सांगितली नव्हती.
समुद्रावरच्या गावात दम्याचं कोण सांगतं?
लहानपणीचा होता. गेला, असं धरून चाललो होतो.
तिसऱ्या रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली.
वाटलं, मासळी भाजायच्या भट्ट्यांचा धूर.
भिंतीला टेकून पहाट काढली,
श्वास मोजत,
उधारी मोजावी तसा.

"डोळ्यात टाकलेलं छातीत कसं उतरेल?"
"जिभेच्या मुळाशी कडू लागत होतं ना?"
लागत होतं.
डोळ्याच्या कोपऱ्यात म्हणे बारीक मोरी असते,
तिथून नाकात, घशात, रक्तात.
तिनं ती बाटली काढून घेतली, दुसरी दिली.
ओरडली नाही. फक्त म्हणाली,
"रात्रीच यायचं होतंत.
आणि पुढच्या वेळी मी विचारायची वाट बघू नका."

क्वेसी आला होता एकदा, डोळे लाल करून.
"एक थेंब दे."
आम्ही मीठ वाटलंय, जाळी वाटलीय,
त्याच्या बापाच्या शवपेटीचे पैसे वाटलेत.
हे नाही दिलं.
पंधरा दिवस बोलला नाही माझ्याशी.
नंतर मीच त्याला ट्रोट्रोत घालून दवाखान्यात नेला,
तर त्याला होता साधा धूर.
अजून टोमणे मारतो.

मध्ये एकदा चुकलोही.
डोळे बरे वाटत होते, बाटली महाग.
नऊ दिवस टाकलं नाही.
मशीनवर हनुवटी ठेवली तेव्हा
सिस्टरनं आकडा दोनदा पाहिला.
तेवढ्यात काही हरवलं असेल तर
ते मला कधीच कळणार नाही.
म्हणून आता बाटली उघडली की
सगळ्यात बारीक ब्रशनं तिच्यावर तारीख घालतो.
सिस्टरनं सांगितलेला महिना भरला की टाकून द्यायची,
तळाशी चार थेंब असले तरी.

दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची.
त्या पाच मिनिटांत डोळे मिटून
गावातल्या सगळ्या नावांवरची वाक्यं आठवतो,
उत्तरेकडून सुरुवात करून.
पुलापर्यंत पोचलो की दुसरी बाटली.

आता फळीचा शेवट आधी बोटांनी शोधतो,
मगच पहिलं अक्षर.
परवा तू पाहिलंस, मावलं सगळं.

फिफी, आपल्यात वारसा मामाकडून भाच्याला जातो.
ब्रश तुझेच आहेत, डबेही.
पण हे दुखणंही रक्तातून चालतं, सिस्टर म्हणाली,
आणि तुझी आई माझी सख्खी बहीण.
परवा मंगळवार.
मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही,
काम नाही हा बहाणा चालणार नाही.
धुतलेला शर्ट घाल.
सातच्या ट्रोट्रोला मी खिडकीची जागा धरतो.