हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की मी आहे
हे मला सिद्ध करावं लागतं.
निपाणीच्या बँकेत, चार नंबरच्या खिडकीशी,
इवल्याशा लाल उजेडावर अंगठा ठेवून.

यंत्र म्हणतं, नाही.
पुन्हा ठेवतो. नाही.
चौतीस वर्षांच्या खडूनं रेषा खाल्ल्या असणार,
किंवा इंग्रजीच्या मास्तराबद्दल
गावाला होती तीच शंका यंत्रालाही असेल:
हा नेमका कुणाचा?

आडनाव बिर्जे, म्हणजे त्यांचा.
पगार बेंगळूरचा, म्हणजे ह्यांचा.
कॉलेजच्या पाटीला एका बंदला ह्यांनी डांबर फासलं,
पुढच्या बंदला त्यांनी,
आणि मधली इंग्रजी ओळ
दोन्ही वेळा कोरडी राहिली.
तिच्याखालून मी आत जायचो.
शौर्य कसलं, तास होता.

वर्गाला तंबाखूचा वास. दप्तरांना, वेण्यांना,
वह्यांच्या मधल्या पानांना.
वखारीत चाळण सुरू झाली
की मी पहिल्याच कडव्यात शिंकायचो.
शिकवायचो काय, तर स्नो.
स्वतः न पाहिलेला.
"बर्फ म्हंजे गोळ्यातला का ओ, सर?"
इरव्वा हुक्केरी, मागच्या बाकावरून.
तो नव्हे गं. पडणारा. आवाज न करता.
"मग वखारीतल्या धुळीगत म्हणा की.
आई घरला येती तवा पापण्यांवर असती."
परीक्षेत अठरा जणांनी तेच लिहिलं.
धारवाडच्या परीक्षकानं कुणालाच गुण दिले नाहीत.

आणि एक चाचणीचा पेपर,
बंदनंतरच्या आठवड्यातला.
चौथ्या पानावर डांबराचा अंगठा,
एकेक रेषा मोजून घ्यावी असा ठसठशीत.
भोवती क्रियापदांची दाणादाण.
पस्तीस दिले. त्यातले दोन माझे.
डांबर कुठल्या बाजूचं
हे अंगठ्यावरून कळत नाही.

"सर, थांबा." मॅनेजर उठून येतो.
महांतेश कमते, बॅच आठवत नाही.
स्वतःच्या रुमालानं माझा अंगठा पुसतो.
मी चोरून त्याचा बघतो.
यंत्र म्हणतं, नाही.

"कागदच भरू मग."
अर्ज कन्नडात. बोलतो मी भराभर,
वाचताना मात्र बोट धरून चालतो,
जोडाक्षरापाशी थांबतो,
ओळ संपेस्तोवर आधीचा शब्द निसटलेला.
महांतेश उभा आहे. चुकलो तरी दुरुस्त करत नाही.
मी करायचो, लाल शाईनं,
सगळ्यांसमोर.

रांगेत मागे कुणी विडीवाली
पदर झटकते,
आणि मी शिंकतो. एक, दोन, तीन,
चष्मा काउंटरवर, अर्ज जमिनीवर.
चारी खिडक्या वर बघतात.
"झालं," महांतेश म्हणतो, "हयात आहेत."
ती बाईसुद्धा हसते.

सही तरी हवीच.
खाली वाकून अर्ज उचलतो. गुडघा कुरकुरतो,
हा पुरावा कुणी मागितलेला नसतो.