कुलूपवाला

हॅचरबाईंचा फोन आला तेव्हा मी ट्रकमध्येच जेवत होतो.
म्हणाल्या, तिजोरीचा आकडा बदलायचाय.
दागिन्यांची का, असं मी विचारलं नाही.
बेकर्स फोर्कमध्ये दागिन्यांसाठी तिजोरी कुणी घेत नाही.

खोलीत हरणाचं डोकं, त्याच्या शिंगावर
गेलेल्या माणसाची टोपी.
गारलंड खाणीत होता. मग खोकल्यात होता. मग नव्हता.
तिजोरी मात्र ठणठणीत, माझ्याहून उंच, हिरवी,
दारावर लोहचुंबकानं चिकटवलेलं लाइट बिल.

"जुना आकडा?"
बाईंनी भिंतीकडे बघत सांगितला.
"माझा वाढदिवस," दारातून मुलगा म्हणाला.
टोबिन. पंधराचा असेल. पाठीवर शाळेची बॅग,
घरी येऊन तास झाला तरी उतरवलेली नाही.

दार उघडलं तसा बंदुकीच्या तेलाचा वास आला.
पोरानं तो खोल ओढून घेतला,
कुणाच्या तरी शर्टाचा असावा तसा.
आत तीन रायफली: आजोबांची, बापाची,
आणि एक आखूड, पोराला दहाव्या वर्षी दिलेली, खारींसाठी.
वरच्या फळीवर मखमलीत पिस्तुलाच्या आकाराचा खळगा.
नुसता खळगा.
मी पाहिला. बाईंनी पाहिला नाही,
किंवा पाहायचं उद्यावर टाकलं.

नवा आकडा विचारला. म्हणाल्या, फेब्रुवारीची तेवीस.
टोपीकडे बघत म्हणाल्या, म्हणून मला कळलं.
मी म्हटलं, दुसरा घ्या.
म्हणाल्या, दुसरा राहत नाही हो डोक्यात.
जणू त्या घरात ही तारीख
आणखी कुणाला पाठ करावी लागणार होती!
मी स्क्रू आवळत राहिलो.
पंचेचाळीस डॉलर झाले, तीस घेतले.

ट्रकपाशी पोरगा मागोमाग आला.
बॅगेची चेन अर्धी उघडली आणि तिथंच थांबला.
"बाहेर कधी काढलं नाही.
बसथांब्यावर तिघं असतात. आता ते काही करत नाहीत.
तसे आधीही फार काही करत नव्हते."
मग बराच वेळानं, "हे जवळ असलं की मान खाली जात नाही."

मी वयानं मोठा. काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं.
मी विचारलं, "भरलेलं आहे?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी विचारत होतो, नदीत पाणी आहे का.

बॉनेटवर सहा गोळ्या मांडल्या.
एक घरंगळून वायपरखाली गेली,
दोघांनी मिळून बोटांनी काढली.
आत स्वयंपाकघरात नळ मोठ्यानं चालू होता,
भांडी मात्र वाजत नव्हती.
पाठमोऱ्याच बाई म्हणाल्या,
"आकडा तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच ठेवा."
ठेवलं. खळगा भरला.
पोरगा दारात उभा, बॅग सैल लोंबत,
खांदे आत्ताच थोडे पुढे आलेले.

घरी आलो. पलंगाशेजारचा खण, मोज्यांखाली
माझं आहे. सत्याऐंशी सालापासून.
खणाला कुलूप नाही; कोण उघडणार होतं?
रविवारी नात येते. ओपल, चार वर्षांची,
दिसेल ते उघडते, बंद करत नाही.

ट्रकमध्ये एकशे बारा कुलपं आहेत माझ्या.
त्यातलं एक घेऊन पलंगावर बसलो,
चार आकडे ठेवायचे होते.
अंधार पडला तरी बसलोच होतो.
एकेक आठवत होतं, ते
कुणाचा ना कुणाचा वाढदिवस निघत होतं.