संपल्यावरचं

हिरण्यकेशीचा पूल ओलांडून कंपनीची जीप आली
की आई आधी चुलीवरचं पातेलं झाकायची.
तोफ्याच्या नावावर रोज अर्धा किलो मटण मिळायचं.
हाडं त्याची, बाकीचं आमचं,
हा हिशेब आप्पांनी कोल्हापूरच्या मॅनेजरला कधी दिला नाही.

तोफ्या हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे.
जनरेटर सुरू झाला की तो गाडीखाली जाऊन मुतायचा.
खरं, "निल्ल" म्हटलं की असा थांबायचा
की नाकावर माशी बसली तरी कातडं हलायचं नाही.

थांबणं त्याला कन्नडात शिकवलेलं,
येणं मराठीत.
कुंद्र. निल्ल. बिड.
ये. उचल. ये की रे.
असं का, विचारलं तर आप्पा विडी शोधायचे.
एकदाच म्हणाले,
"मला थांबायला शिकवलं गोकाकच्या मास्तरनं, तंबूत, छडीनं.
ये म्हणायची ती आई."

मग तो सिनेमा आला.
'मालक मरतो, कुत्रं रडतं',
कागदावर एवढीच ओळ.
कुत्रं रडत नाही हे आप्पांना ठाऊक होतं,
डायरेक्टरला नव्हतं.

तंबाखूच्या रिकाम्या पोत्यांवर
बारा दिवस मी मेले.
नऊ वर्षांची होते, फुकट होते,
आणि मला आडवं पडून राहता यायचं.
आप्पा माझ्या कानामागं बोटभर चरबी लावायचे.
"श्वास पोटात घे, छातीत नको,"
हे मला, कुत्र्याला नव्हे.
खसखसून हसू यायचं. हसले की जिवंत,
की परत सगळं पहिल्यापासनं.
आई दारातनं ओरडायची,
"पोरीला रोज मारालायसा, काय शोभतंय?"

तोफ्या यायचा. कान, मान, परत कान.
चाटून चाटून चरबी जायची
आणि मग तो गेलेलं शोधायचा,
नाक खुपसून, बारीक आवाजात,
सुतळीसारखा लांबत जाणारा आवाज.
"ते," आप्पा पुटपुटायचे.
"खातानाचं नको. संपल्यावरचं.
तेवढंच त्यांना पायजे."

निपाणीच्या टॉकीजमध्ये
पुढच्या रांगेतली बाई पदर तोंडात कोंबून रडत होती.
पडद्यावर दुसराच कुणी मेला होता, मिशीवाला.
मी आपला कान पुसला.

त्यानंतर सात वर्षांनी आप्पांना सोप्यात ठेवलं.
हुक्केरीचे पाहुणे आले, चिकोडीचे आले,
बायका दोन्ही भाषांत रडत होत्या,
मधेच एकमेकींची ओळ उचलत होत्या.
तोफ्या आला. एक डोळा दुधाळ झालेला.
पाय हुंगले. मग सवयीनं
हा कान, तो कान.
काही नव्हतं.
शेणकीच्या उन्हात जाऊन पडला.

"कुत्र्यालाबी माया न्हाई," कुणी म्हणालं.
"नाइगे एन गोत्तु," दुसरं कुणी.

मी आत गेले.
तुपाच्या वाटीत बोट बुडवलं,
बाहेर येऊन आप्पांचं डोकं सारखं केल्यासारखं केलं.
कान गार होता, आणि मला वाटलं त्याहून मऊ.
"ये," म्हटलं. "ये की रे."

अंगण ढसाढसा रडलं.
एका म्हाताऱ्यानं कुत्र्याला हात जोडले.
मी नाही रडले. मी बघत होते
तूप कधी संपतंय.

संपलं.
तो आवाज सुरू झाला, सुतळीसारखा,
आणि थांबेना.
चौघं उचलायला वाकले तरी तोफ्या हलेना.
"बिड" आप्पा म्हणायचे, नेहमी तेच,
मगच तो सोडायचा.

सगळे माझ्याकडं बघाय लागले.
शब्द मला येत होता.